चौकातला बोर्ड आणि पाच किलो चांदी

एप्रिलची वीस तारीख. गच्चीवर पोतंभर ब्याडगी मिरची ओतलेली आणि तिची देठं काढायची होती. हाताला गोडेतेल चोळून मी आणि माझी नणंद समोरासमोर बसलो होतो. नणंद उचगावची. घरी चार म्हशी, त्यांचं दूध घालून सकाळच्या बसनं येते, पोतं संपवते आणि संध्याकाळच्या धारेला परत जाते. कामाला हात आणि बोलायला तोंड, दोन्ही एकाच वेळी चालतात.

आमच्या गच्चीवरून चौक दिसतो. चौकात विजेचा खांब आणि शेजारचा नारळ यांच्यामध्ये एक डिजिटल बोर्ड ताणून बांधला होता. त्यावर माझा नवरा होता. डोक्याला केशरी फेटा, डोळ्याला कुणाचा तरी उसना काळा चष्मा, मागे झेप घेणारा वाघ आणि वाघाच्या पायाशी चांदीच्या विटांचा ढीग. खाली मोठ्या अक्षरांत, 'पाच किलो चांदीचा वायदा उचलल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. नाद खुळा.' त्याच्याखाली शुभेच्छुकांची ओळीनं लहान लहान तोंडं. त्यांतल्या एकानंही पाच किलो कांद्यापलीकडे काही उचललेलं मी पाहिलेलं नाही.

नणंदेनं मान वर करून बराच वेळ बोर्ड न्याहाळला.

"वहिनी, दादाच्या मागं वाघ कशाला?"

"शोभेला."

"वाघ भ्यालाय जरा. तोंड बघा की त्याचं."

मी वाघाकडे बघत नव्हते. मी हिशेब करत होते, की महिनाअखेरीला माझ्या डंखाचे पैसे भरायचे आहेत आणि ते पैसे त्या वाघाच्या पायाशी अडकले आहेत.

डंख म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. मी गेली कित्येक वर्षं कांदा-लसूण चटणीच्या ऑर्डरी घेते. चटणी करते मी, पण कुटून आणायची दुसऱ्याच्या डंखावरून. हंगामात तिथे बायकांची अशी रांग लागते, की आपलं घमेलं सोडून पाणी प्यायलाही उठता येत नाही. उठलं की नंबर गेला. नंबर आला तरी आधीच्या बाईची झणझणीत लवंगी खलात चिकटलेली असते, ती माझ्या ब्याडगीत उतरते आणि पुण्याची गिऱ्हाइकं मला फोन करून डोळ्यांतलं पाणी ऐकवतात. म्हणून स्वतःचा डंख. शिरोलीच्या एका वर्कशॉपात सांगून ठेवला होता, थोडे पैसे आगाऊ दिले होते. उरलेले दिले नाहीत तर यंत्र दुसऱ्याला जाणार आणि माझा हंगाम पुन्हा रांगेत. उरलेले पैसे होते. माझे चटणीचे आणि त्याच्या निवृत्तीतले थोडे. ते त्याच्या खात्यात होते, कारण तो म्हणाला होता, "नुसतं पडून ऱ्हाण्यापेक्षा तवर फिरवतो की जरा."

माझा नवरा फाउंड्रीत सुपरवायझर होता. ओतीव माल मापात आहे की नाही बघायचं त्याचं काम. केसभर फरक निघाला तर अख्खा लॉट परत पाठवायचा. मालकाला भीक घालायचा नाही. घरातही तेच. पोळी जाड झाली की त्याला बोटांनी कळायचं. असा माणूस निवृत्त झाला, दोन महिने कपाटं आवरली, आणि मग राजारामपुरीत चांदीच्या वायद्याचा क्लास लावला.

वायदा मला त्यानंच समजावून सांगितला, आणि नीट सांगितला. चांदी घरी येत नाही. भाव वाढेल म्हणून आज सौदा करायचा, थोडी अनामत ठेवायची. वाढला तर फरक आपल्याला, उतरला तर फरक आपल्या खिशातून. अनामत थोडी असते, फरक मात्र पुऱ्या वजनाचा. सौदे तीन मापांचे : मोठा तीस किलोचा, मिनी पाच किलोचा, मायक्रो एका किलोचा. किलोमागे भाव शंभर रुपयांनी हलला तर मायक्रोवाल्याचे शंभर, मिनीवाल्याचे पाचशे, मोठ्यावाल्याचे तीन हजार. तिघं एकाच भावाकडे बघत असतात, फक्त छातीत धडधड वेगवेगळी.

"मग आपण मायक्रो," मी म्हणाले. "एक."

"एकच की. शिकायला."

आणि खरं सांगायचं तर एका मायक्रोवर तो बरा होता. सकाळी अंघोळ करून बसायचा. किती उतरला की बाहेर पडायचं ते आधी ठरवायचा आणि तिथं पोचला की पडायचा. कधी आठवड्याच्या भाजीचे पैसे मिळाले, कधी गॅसच्या टाकीचे गेले. फाउंड्रीतला माणूस दिसायचा त्यात. माप चुकलं, लॉट परत. मी मनात म्हटलं, चला, कपाटं आवरण्यापेक्षा बरं.

बिघडवलं क्लासनं. चांदीनं नाही.

क्लास तिसऱ्या मजल्यावर. खाली दाताचा दवाखाना. जिना एकच. उतरणारी माणसं दोन्हीकडून गाल धरूनच उतरतात. क्लास घेणारे सर तिशीतले, एप्रिलमध्ये कोट घालणारे. पूर्वी पाणी शुद्ध करायची मशिनं विकायचे, तेव्हा आमच्याही घरी येऊन गेले होते. त्यांनी वर्गात बसायची पद्धत लावली होती, ती अशी. मायक्रोवाले पुढे, प्लास्टिकच्या स्टुलांवर. मिनीवाले मागे, पाठ टेकायच्या खुर्च्यांवर. आणि तीस किलोवाले आतल्या केबिनमध्ये, सोफ्यावर, एसीत. स्टुलांना चहा कागदी कपात, खुर्च्यांना काचेच्या पेल्यात, केबिनमध्ये बशीसकट. केबिनमध्ये कोण असतं ते नवऱ्यानं कधी पाहिलं नव्हतं. बश्या आत जाताना दिसायच्या एवढंच.

स्टुलावर त्याच्या शेजारी कॉलेजातली दोन पोरं आणि एक निवृत्त तलाठी. मागच्या खुर्च्यांवर आमच्याच गल्लीतला फोटो फ्रेमवाला, ज्याला शाळेत असताना हाच गणितं सांगायचा. तो मागून म्हणायचा, "काय पावणं, अजून बालवाडीतच?"

कोल्हापूरच्या माणसाला काहीही म्हणा, लहान म्हणू नका. इथं मिसळीचा रस्सा दुसऱ्याला झेपला नाही म्हणून आपण तिसरी वाटी मागायची. शेजारच्या तालमीनं गणपतीला दहा ढोल आणले की आपण वीस. भूक तिसऱ्या वाटीची नसते आणि गल्लीत वीस ढोलांना जागा नसते. पण माप आपल्या गरजेवरून ठरवायचं असतं ही गोष्ट इथं पुरुषांना सांगायची सोय नाही. ते माप शेजाऱ्यावरून घेतात.

एके दिवशी तो जरा जास्तच खुशीत घरी आला. मी भाव विचारला. उतरला होता. मग खुशी कशाची?

"पाच झाले," तो म्हणाला.

"पाच काय?"

"मायक्रो."

"एक म्हणाले होते मी."

"एकेकच घेतला की. पाचदा."

मी परात खाली ठेवली. "अहो, पाच एकेक किलो म्हणजे पाच किलोच ना? की राजारामपुरीत वेगळं होतं?"

"मायक्रो ते मायक्रोच. सर म्हणत्यात, रिस्क लहान असती."

"रिस्क एकाची लहान असते. तुम्ही पाच घेतलेत. लहान पेल्यातून पाच पेले प्यायल्यावर पोटाला काय, पेला लहान होता म्हणून कळणार आहे?"

त्याला पटलं. पण त्याचं दुःख वेगळंच होतं. पाच मायक्रो घेऊनही सरांनी त्याला खुर्ची दिली नव्हती. त्यानं विचारलं होतं म्हणे, पाच किलो तर पाच किलोच की, मग मी मागं बसू का. सरांनी मान हलवली. खुर्ची मिनीची. पाच मायक्रो म्हणजे पाच स्टुलं. हवं तर पाचही स्टुलांवर बसा. वर्ग हसला. फोटो फ्रेमवाला जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाचही मायक्रो विकले आणि एक मिनी घेतला. माप तेच, पैसे तेवढेच धोक्यात. फरक एकच झाला, आणि तो सगळ्यात वाईट. पाच वेगवेगळे असताना भाव बिघडला तर दोन विकून तीन ठेवता येतात. अंग थोडं थोडं काढून घेता येतं. एक मिनी म्हणजे एकच दार. आत राहायचं, नाहीतर पुरतं बाहेर. निम्मा माणूस बाहेर येऊ शकत नाही. फाउंड्रीतल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. पण पाठ टेकायला मिळणार होती.

आणि मिनीवाल्यांत आलं की क्लासमध्ये फेटा बांधतात. ही दुसरी पद्धत. सौदा फायद्यात गेल्यावर नाही, बरं का. सौदा घेतल्यावर. लग्न लागायच्या आधी बारसं उरकण्यातला प्रकार. घरच्यांना बोलावणं होतं, म्हणून मीही गेले. फेटा बांधणारा रीतसर आणला होता. सरांनी भाषण केलं. धाडस, झेप, सामान्य माणसाची सामान्य मानसिकता. सामान्य मानसिकता म्हणताना ते माझ्याकडे बघत होते.

पेढा देताना मी विचारलं, "सर, तुमचा स्वतःचा सौदा कितीचा असतो?"

"मॅडम, मी शिकवतो."

"ते दिसलं. घेता कितीचा?"

"माझं लक्ष विद्यार्थ्यांवर असतं," असं म्हणून ते दुसऱ्या पेढ्याकडे वळले. त्या दिवशी मला हिशेब लागला. चांदी वर जावो, खाली जावो, फी महिन्याच्या पाच तारखेला.

फेट्याचा फोटो तालमीच्या ग्रुपवर गेला आणि संध्याकाळी चौकात बोर्ड. निम्मा खर्च मित्रांचा, निम्मा आमचा. वाघाचे वेगळे पैसे लागले नाहीत म्हणे. छापणाऱ्याकडे मागच्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा शिल्लक होता.

बोर्ड लागला आणि कुठल्याशा देशात कुणीतरी काहीतरी बोललं. चांदी उतरायला लागली.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, जरा दम खातीय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, सर म्हणत्यात, मोठी माणसं धरून ठेवतात. मायक्रो असताना जिथं पोचल्यावर डोळे मिटून बाहेर पडला असता, ती जागा पहिल्याच दुपारी मागे पडली होती. किलोमागे हजार उतरले की आमचे पाच हजार. अनामत कमी पडते, पैसे भरा, असे निरोप मोबाइलवर यायला लागले. तो मोबाइल पालथा ठेवायला लागला. जेवताना, टीव्ही बघताना, दाढी करतानासुद्धा. पालथ्या मोबाइलवर भाव चढतो अशी त्याची काही समजूत झाली असावी.

तर त्या वीस तारखेला गच्चीवर आम्ही देठं काढत होतो आणि तो वर आला. चहा मागायला आला होता, पण नणंदेला बघून माघारी फिरायला लागला.

"दादा, बस की," नणंद म्हणाली. "एवढा मोठा माणूस झालास, बहिणीसंगं देठं काढायला लाज वाटती व्हय?"

तो बसला. बसला की हात आपोआप चालतात त्याचे. देठं मात्र अशी काढत होता, सगळी एका मापाची.

"किती उतरली?" मी विचारलं.

त्यानं सांगितलं. नणंदेला आकडा कळला नाही, पण माझं तोंड कळलं.

"डंखाचं काय मग?" तिनं विचारलं.

"आज विकला तर लहान डंख येतोय," तो म्हणाला. "सांगितलेला न्हाय. त्याच्यापेक्षा धाकटा."

"आणि उद्या अजून उतरली तर?"

"धाकटापण न्हाय."

"मग आज का विकत न्हाईस?"

मला वाटलं आता सर, मोठी माणसं, दम, झेप, हे सगळं पुन्हा येणार. पण बहिणीसमोर त्याला खोटं बोलता येत नाही. लहानपणी मुरगूडला तिनंच त्याला आंब्यावरून उतरवून मार चुकवलेला आहे, आणि ती ते विसरू देत नाही.

"बोर्ड हाय," तो म्हणाला.

"काय हाय?"

"बोर्ड लागलाय चौकात. सौदा उचलला म्हणून लागलाय. सौदा टाकला आणि बोर्ड तसाच, म्हणजे... रोज चहाला जातोय मी तिथं. तो फ्रेमवाला विचारतोय रोज, वाघ काय म्हणतोय? हाय अजून, असं सांगतोय मी. न्हाय असं कसं सांगू, डोक्यावर तो फोटो असताना?"

नणंदेचा हात थांबला. म्हैस आटली तरी जिचा हात थांबत नाही, तिचा.

"म्हंजे बोर्ड हाय तवर चांदी ठेवायची?"

"तसं न्हाय."

"मग कसं?"

त्यानं हातातलं देठ बाजूला टाकलं.

"बोर्ड किती दिवस असतो?" मी विचारलं.

"फाटंस्तवर."

"चांगल्या कापडाचा घेतलाय?"

"जाड," तो म्हणाला. "जास्तीचे पैसे देऊन."

नणंद हसायला लागली. ठसका लागेपर्यंत हसली, मिरचीचा आणि हसण्याचा एकदमच. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "दादा, फेटा बांधायला नुसतं डोकं लागतंय. आत काय असावं लागतंय असं न्हाय."

तो उठून खाली गेला. चहा न घेता.

मला हसू येत नव्हतं. इतके दिवस मी समजत होते, की हा लोभानं अडकला आहे. लोभाला उपाय सापडतो, कारण लोभ्याला आकडा दाखवता येतो. याला आकडा पाठ होता. निम्म्या झोपेत विचारला तरी बरोबर सांगेल. हा अडकला होता दोरीनं. खांबाला एक गाठ, नारळाला एक गाठ. आणि त्या दोन गाठींपायी मी येत्या वैशाखात पुन्हा दुसऱ्याच्या डंखावर घमेलं धरून बसणार होते.

नणंद निघताना म्हणाली, "वहिनी, शिडी हाय का घरात?"

शिडी घरात नव्हती. शिडी चौकातल्या चहावाल्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवून झाल्यावर मी नवऱ्याला उठवलं आणि म्हणाले, चला, शिडी धरायला माणूस पाहिजे. कसली शिडी ते त्यानं विचारलं नाही. भाजी चिरायचा विळा पिशवीत घातला. चौकात चहा चालू झाला होता, फोटो फ्रेमवाला बाकावर होताच. मला अंधारात, कुणी नसताना जाता आलं असतं. पण चोरून उतरवलेला बोर्ड म्हणजे लोकांच्या तोंडी अजून एक बोर्ड.

"वहिनी, काय वाघ उतरवताय?" फ्रेमवाल्यानं विचारलं.

"मिरच्या वाळवायच्यात. जाड आहे, चांगला आहे."

"अहो, पण सौदा?"

"तुमचा आहे ना अजून? मग तुमचा फोटो लावू. विटा तशाच ठेवायला सांगते."

तो चहात बघायला लागला. त्याची चांदीही त्याच भावानं उतरली होती, हे मला आधी सुचलं नव्हतं. तेव्हाच कळलं.

नवऱ्यानं शिडी धरली. रस्त्याकडे पाठ करून, पण घट्ट धरली. मी खांबाकडची गाठ कापली, मग नारळाकडची. बोर्ड खाली आला तो त्याच्याच अंगावर. क्षणभर फेटेवाला वर आणि बिनफेट्याचा आत. त्यानं तो झटकला आणि चादरीसारखा घडी घालायला लागला. कोपऱ्याला कोपरा जुळवून. चुकलेली घडी उलगडून पुन्हा घातली.

गच्चीवर आल्यावर मी छापील बाजू खाली केली. शाई मिरचीला लागली तर पुण्याची गिऱ्हाइकं पुन्हा फोन करतील. वर एक जुनं सुती लुगडं अंथरलं. तो चारी कोपऱ्यांवर विटा ठेवत होता. खऱ्या, मातीच्या.

"तोंड खाली ठेवलंस माझं," तो म्हणाला.

"वाघाचंपण."

बाजार उघडायची वेळ झाली तसा तो खाली गेला. मी मिरच्या पसरवत होते. थोड्या वेळानं जिन्यातून ओरडला, "टाकला." किती राहिले ते मी विचारलं नाही, धाकट्यापुरते राहतात हा हिशेब काल संध्याकाळीच काढून ठेवला होता मी. हात पुसले आणि शिरोलीला फोन लावला.

"सांगितलेला नको," मी म्हणाले. "धाकटा द्या."

पलीकडचा म्हणाला, "ताई, धाकट्यावर एका वेळी थोडीच मिरची बसती. लोक मोठाच नेतात."

"नेऊ द्या," मी म्हणाले. "माझी मिरची किती आहे मला माहीत आहे. कधी पाठवताय ते सांगा."